आकृतिबंध, बिंदुनामावली आणि आपण

आपल्या चळवळीच्या तोंडी गेली अनेक दशके टक्क्यांची भाषा रुळली आहे. अनुसूचित जातींना केंद्रात पंधरा टक्के, महाराष्ट्रात तेरा टक्के. अनुसूचित जमातींना केंद्रात साडेसात, महाराष्ट्रात सात. हे आकडे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, मोर्चाच्या फलकावर असतात, निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात असतात. परंतु हे टक्के कशाचे, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. तेरा टक्के शंभर जागांचे असतील तर तेरा माणसे नोकरीला लागतात. सहा जागांचे असतील तर एकही लागेल याची खात्री नाही. टक्का संविधानाने आणि कायद्याने दिला. तो ज्याला लावायचा ती मूळ संख्या मात्र कोठल्या तरी आस्थापना शाखेत, कोणा तरी कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरते. ती ठरविण्याच्या विद्येला मनुष्यबळ नियोजन म्हणतात. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ही विद्या शिकविली जाते तेव्हा जातीचा उल्लेखही होत नाही. आणि आपण जातीविषयी बोलतो तेव्हा या विद्येचा उल्लेख होत नाही. या लेखाचा प्रयत्न दोहोंची गाठ घालून देण्याचा आहे.

मनुष्यबळ नियोजनाचा गाभा अगदी साधा आहे. संस्थेपुढे काम किती, त्याला माणसे किती आणि कोणत्या पात्रतेची लागतील, आज आहेत किती, त्यांतली कधी किती जातील, आणि तूट भरायची ती कोठून व कशी, एवढ्याच प्रश्नांची ही उत्तरे आहेत. घर बांधणारा गवंडीही हे गणित करतो. मोठ्या संस्थेत तेच कागदावर येते आणि त्याला नावे मिळतात. शासनाच्या भाषेत कोणत्या कार्यालयात कोणत्या दर्जाची किती पदे असावीत याच्या मंजूर तक्त्याला आकृतिबंध म्हणतात. एकाच दर्जाच्या व एकाच सेवाशर्तीच्या पदांचा गट म्हणजे संवर्ग. आकृतिबंधात आहे ते मंजूर पद. त्यावर माणूस बसला तर भरलेले, उठला तर रिक्त. हे चार शब्द नीट समजले की पुढचे सारे समजते.

मंजूर संख्या येते कोठून? प्रत्येक क्षेत्रात तिचा एक मोजमापाचा दंडक असतो. शाळेत तो विद्यार्थिसंख्येचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिक वर्गांत पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण घालून दिले. दरवर्षी शाळेची पटसंख्या घेऊन त्यावर जी पदे मान्य होतात, तिला आपल्याकडे संचमान्यता म्हणतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. महाविद्यालयात दंडक कार्यभाराचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे. एखाद्या विषयाचा आठवड्याचा कार्यभार चाळीस तास भरला, तर चाळीस भागिले सोळा, म्हणजे अडीच माणसे. अर्धा माणूस नेमता येत नाही. म्हणून दोन पूर्ण पदे धरतात आणि उरलेले आठ तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातात. भागाकारातली ही बाकी वाचकांनी लक्षात ठेवावी. दोन पदे संवर्गात मोजली जातात, त्यांच्यावर बिंदू पडतो. बाकीचे आठ तास हे पद नव्हेच, त्यामुळे कायम जागेच्या हिशेबात त्याचा बिंदू कोठेच उमटत नाही.

हे पुस्तकी उदाहरण झाले. प्रत्यक्षात मंजूर पदही वर्षानुवर्षे रिकामे ठेवतात आणि त्याचा सारा भार दोघा-तिघा तासिकावाल्यांत फोडून देतात. मी स्वतः कायम होण्यापूर्वी काही वर्षे असाच तासांवर शिकवीत होतो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. मुलगा कॉलेजात शिकवितो आणि त्याला उन्हाळ्यात पगार नाही, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हे वडिलांना अखेरपर्यंत समजावून सांगता आले नाही. त्यांच्या हिशेबी नोकरी एक तर असते किंवा नसते.

नियोजनाची दुसरी बाजू म्हणजे माणसे जाण्याची. येथे आपली फसवणूक फार सोप्या रीतीने होते. जागा अचानक रिक्त झाल्या, भरतीला वेळ मिळाला नाही, कामे अडली म्हणून तात्पुरती माणसे घेतली, असे कारण प्रत्येक कार्यालय देते. राजीनामा आणि मृत्यू सांगून येत नाहीत हे खरे. परंतु सरकारी सेवेत सर्वाधिक जागा रिक्त होतात त्या निवृत्तीने, आणि निवृत्तीची तारीख माणूस कामावर रुजू होतो त्याच दिवशी ठरलेली असते. त्याची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. पुढच्या दहा वर्षांत कोणत्या महिन्यात कोणत्या संवर्गातली किती माणसे जाणार याची यादी कोणताही लिपिक दोन दिवसांत काढून देईल. तिच्यावरून भरतीचे मागणीपत्र वेळेवर पाठविणे म्हणजेच नियोजन. तेव्हा जागा अचानक रिक्त झाली असे निवृत्तीबाबत कोणी म्हणत असेल, तर त्याला उलट विचारावे की सेवापुस्तके कपाटात होती की नव्हती.

आता बिंदुनामावलीकडे वळू. हा भाग किचकट समजला जातो आणि म्हणूनच आपले बहुतेक कार्यकर्ते तो वकिलावर किंवा संघटनेतल्या एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्यावर सोपवून मोकळे होतात. तसे करू नये. यातले गणित सातवीच्या मुलाला येते.

पूर्वपीठिका अशी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ च्या ऑगस्टमध्ये, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४६ मध्ये हे प्रमाण साडेबारा टक्के झाले, आणि १९७० मध्ये अनुसूचित जातींना पंधरा व जमातींना साडेसात असे ठरले. टक्का ठरला, पण जागा तर एकेक करून निघतात. आज निघालेली ही एक जागा कोणाची? याचे उत्तर म्हणून क्रमवारीचा तक्ता आला. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या भरतीसाठी चाळीस बिंदूंचा तक्ता होता. त्यात १, ८, १४, २२, २८ आणि ३६ हे सहा बिंदू अनुसूचित जातींचे, तर ४, १७ आणि ३१ हे तीन अनुसूचित जमातींचे होते. चाळिसात सहा म्हणजे पंधरा टक्के, तीन म्हणजे साडेसात. पहिलाच बिंदू आपला होता, हे ध्यानात घ्यावे.

हा तक्ता रिक्त जागांवर चालत असे. जागा निघाली की पुढचा बिंदू लागायचा. उमेदवार मिळाला नाही असे दाखवून जागा पुढे ओढायची आणि तीन भरतीवर्षांनंतर ती व्यपगत होऊ द्यायची, हा खेळ त्या काळात सर्रास चाले. १० फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सबरवाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात निर्णय दिला, आणि बिंदू रिक्त जागेवर नव्हे तर पदावर असावा हे ठरले. संवर्गात शंभर पदे असतील तर कोणती पदे कोणाची हे एकदा निश्चित करायचे, आणि पुढे त्या पदावरचा माणूस गेला की त्याच प्रवर्गातला माणूस त्या जागी आणायचा. याच निर्णयात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आपला उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेत निवडला गेला असेल तर तो राखीव जागेत मोजायचा नाही. आस्थापना शाखा हे आजही विसरते, किंवा विसरल्याचे दाखविते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

या निर्णयानुसार २ जुलै १९९७ च्या ज्ञापनाने केंद्राने नवे तक्ते काढले. त्यांतला मोठा तक्ता दोनशे बिंदूंचा. नवे सूत्र असे की ज्या क्रमांकावर एखाद्या प्रवर्गाच्या वाट्याचा अपूर्णांक एक पूर्ण होतो, तो बिंदू त्या प्रवर्गाचा. शंभराला सत्तावीसने भागले तर ३.७ येतात, म्हणून इतर मागासवर्गीयांचा पहिला बिंदू चौथा. शंभराला पंधराने भागले तर ६.६७, म्हणून अनुसूचित जातींचा पहिला बिंदू सातवा. शंभराला साडेसातने भागले तर १३.३३, म्हणून जमातींचा चौदावा. टक्के तेच राहिले, पण पहिल्या क्रमांकावरची आपली जागा सातव्यावर गेली. संवर्ग मोठा असेल तर याने काही बिघडत नाही; दोनशे पदांत तीस आपली येणारच. संवर्ग लहान असेल तर सगळेच बिघडते. तेरापर्यंत पदे असलेल्या लहान संवर्गांसाठी निराळा फिरता तक्ता केला गेला, आणि एकच पद असलेल्या संवर्गात आरक्षण लागूच होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात ठरविले.

म्हणजे टक्क्याला हात न लावता टक्का निकामी करायचा असेल, तर संवर्गाचे तुकडे पाडले की पुरे. हा केवळ तर्क नव्हे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्रकरणात निर्णय दिला की शिक्षकभरतीत विद्यापीठ किंवा महाविद्यालय हा घटक न धरता प्रत्येक विषयाचा विभाग हा स्वतंत्र घटक धरावा. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. त्याचा परिणाम वहीत मांडून पाहू. एका विद्यापीठात वीस विभाग आहेत आणि प्रत्येकात सहायक प्राध्यापकाची तीन पदे, असे समजा. विद्यापीठ हा घटक धरला तर साठ पदे. त्यांत अनुसूचित जातींची नऊ, जमातींची चार, इतर मागासवर्गीयांची सोळा. विभाग हा घटक धरला तर प्रत्येक विभागात पहिल्या तीन नेमणुका खुल्या, कारण पहिला राखीव बिंदूच चौथा. मग पहिले तिघे निवृत्त होतील तेव्हा चौथा, पाचवा, सहावा बिंदू. त्यांच्याही जागी दुसरे येतील तेव्हा सातवा. म्हणजे कोणी मध्येच सोडून गेले नाही, तर अनुसूचित जातीचा माणूस त्या विभागात तिसऱ्या पिढीच्या प्राध्यापकांबरोबर येणार, आणि चौदाव्या बिंदूवरचा आदिवासी पाचव्या पिढीत. एका पिढीची सेवा तीस वर्षांची धरली तर साठ वर्षे आणि एकशेवीस वर्षे. कागदावर मात्र पंधरा टक्के आणि साडेसात टक्के जसेच्या तसे. सोयीसाठी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी आलेले दहा टक्के या हिशेबात धरलेले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१९ रोजी याविरुद्धची अपिले फेटाळली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला. त्यानंतर देशभर शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ५ मार्चला भारत बंद झाला, आणि ७ मार्च २०१९ रोजी अध्यादेश निघाला. पुढे त्याचा कायदा झाला. केंद्रीय शैक्षणिक संस्थांत संपूर्ण संस्था हाच घटक, हे त्याने ठरविले. तेरा बिंदू की दोनशे बिंदू, अशी घोषणा देणारी ती पहिलीच पिढी असेल. आपल्या चळवळीच्या इतिहासात आस्थापना शाखेच्या तक्त्यावरून झालेला एवढा मोठा लढा मला दुसरा आठवत नाही. आणि तो यशस्वी झाला, कारण लढणाऱ्यांनी गणित समजून घेतले होते.

तरीही तो जिंकून काय मिळविले, हे पुढच्या प्रश्नावर अवलंबून राहते. पदच राहिले नाही तर बिंदू कशावर लावणार? पाचव्या वेतन आयोगाने १९९७ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संख्येत दहा वर्षांत तीस टक्के कपात सुचविली होती. मे २००१ मध्ये केंद्राने सरळसेवा भरतीवर अशी मर्यादा घातली की वर्षात रिक्त होणाऱ्या सरळसेवेच्या जागांपैकी एकतृतीयांशच भरायच्या, आणि तेही एकूण मंजूर संख्येच्या एक टक्क्याच्या आत. उरलेली पदे निरसित करायची. हे धोरण २००९ पर्यंत चालले. तीन जागा निघाल्या तर एक भरली, दोन कायमच्या गेल्या. त्या दोहोंत कोणाचे बिंदू होते हे पाहायला संवर्गच उरला नाही. मंडलनंतरचा हा काळ, म्हणून यात कट होता असे म्हणणारे आपल्यात अनेक आहेत. मला तसे म्हणण्याची गरज वाटत नाही. खर्चाची कपात हेच कारण खरे मानले, तरी तिचा भार कोणावर पडला हा प्रश्न तसाच उभा राहतो. ज्याच्या घरात जमीन नाही, दुकान नाही, ओळख नाही, त्याला सरकारी नोकरी हे एकच दार होते.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर डिसेंबर २०२० मध्ये शासनाने अनुदानित माध्यमिक शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे यापुढे नियमित न भरता त्यांऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचे ठरविले. शाळेतला शिपाई म्हणजे क्षुल्लक पद, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या वस्त्यांतल्या पहिल्या पदवीधरांच्या बापांची यादी करावी. शिपायाच्या कायम पगारावर, भविष्यनिर्वाह निधीवर आणि त्या शाळेतल्या फुकट मिळालेल्या जुन्या पुस्तकांवर एक पिढी उभी राहिली. भत्त्याला संवर्ग नसतो, बिंदू नसतो आणि सेवापुस्तकही नसते.

नियोजनाच्या पुस्तकांत कामांची एक विभागणी असते: गाभ्याची कामे आणि आनुषंगिक कामे. गाभ्याच्या कामाला स्वतःची माणसे ठेवावीत, आनुषंगिक कामे बाहेरून करून घ्यावीत, असा सल्ला. ऐकायला बिनजातीचा. पण आनुषंगिक म्हणून पहिली नावे कोणती येतात? झाडलोट, कचरा, पहारा, स्वयंपाकघर, हमाली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, काम बारमाही असेल तर ते कंत्राटावर देण्यास मनाई करण्याचा अधिकार शासनाला होता. आता त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायसुरक्षेच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. ती गाभ्याच्या कामात कंत्राट नको म्हणते, आणि गाभ्याचे काम म्हणजे काय हे सांगताना सफाई आणि कचऱ्याची विल्हेवाट, पहारा, उपाहारगृह, चढ-उतार ही कामे त्यातून वगळते. संस्था मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल तेवढाच अपवाद. या अपवादावर उद्या नगरपालिका आणि सफाई कामगार यांचे पुष्कळ खटले चालतील. शहर स्वच्छ ठेवणे हा पालिकेचा गाभा नव्हे, असे म्हणणारा वकील मिळणे अवघड नाही.

मुंबईने हे आधी पाहिले आहे. तेथे महापालिकेचा कचरा उचलणाऱ्यांना कंत्राटदारांमार्फत घेतले, कागदोपत्री त्यांना स्वयंसेवक म्हटले आणि मजुरीला मानधन. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे न्यायालयात आणि न्यायालयाबाहेर लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. झाडूकाम करणाऱ्याला स्वयंसेवक ठरविणारा नियोजनकार किती कल्पक असेल!

येथे एक विसंगती पुढे येते आणि ती टाळून जाणे बरे नव्हे. सफाईच्या कामात आपले प्रमाण तेरा टक्के नाही. तेथे ते बिंदूविना, जाहिरातीविना भरलेले असते. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळण्याची तरतूद झाली. या तरतुदीने हजारो कुटुंबांचे घर चालले, डोक्यावर छप्पर राहिले; ती काढून घ्या असे वस्तीत जाऊन सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी मानीत नाही. पण बापाच्या हातचा झाडू मुलाच्या हाती देणारे हे नियोजन आहे, आणि मुलगा बारावी किंवा पदवीधर असला तर त्याला त्याच्या पात्रतेचे पद मिळाले पाहिजे, ही मागणी वारसाहक्काच्या मागणीइतक्याच जोराने झाली पाहिजे. ती होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. त्यात केवळ झाडूवाले नव्हते. शिकलेल्यांची, तांत्रिक कामाची, शिक्षकांची पदेही होती. तेव्हा कोठे सर्व जातींचे स्पर्धापरीक्षावाले विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ऑक्टोबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. जे वीस वर्षे सफाईवाल्यांवर चालले होते ते आपल्यावर आले तेव्हा सगळ्यांना दिसले.

म्हणून कार्यकर्त्यांनी टक्क्यांबरोबर चार कागद मागायला शिकावे, असे मला वाटते. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठी पुरेसा आहे. कार्यालयाचा चालू मंजूर आकृतिबंध आणि त्याआधीचा, म्हणजे मध्ये कोणती पदे गेली ते कळते. संवर्गनिहाय बिंदुनामावलीची नोंदवही, आणि ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाने केव्हा तपासली त्याची तारीख. येत्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची पदनिहाय यादी. यात व्यक्तींची नावे मागू नयेत, म्हणजे खासगी माहिती म्हणून अर्ज नाकारता येत नाही. आणि शेवटी, कंत्राटावर, मानधनावर, तासिकेवर किती माणसे कोणत्या कामासाठी किती वर्षे आहेत, त्याचा तक्ता. हा चौथा कागद सहसा मिळत नाही. अशी माहिती संकलित स्वरूपात नाही, असे उत्तर येते. अशा वेळी कंत्राटदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती मागाव्यात. देयकावर माणसांची संख्या लिहिल्याशिवाय पैसे निघत नाहीत, त्यामुळे ती तेथे असतेच.

विद्यार्थ्यांनी हे काम आपल्याच महाविद्यालयापासून सुरू करावे. विषयांचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. तास मोजावेत, सोळाने भागावे, आणि आलेली संख्या कर्मचारीखोलीतल्या कायम शिक्षकांच्या संख्येशी ताडून पाहावी. प्रात्यक्षिकांचे तास निराळे मोजतात, तेवढे कार्यालयात विचारून घ्यावे.